आडनावावरून शब्द ओळखणारे वालावलकर सर

वालावलकर सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं. मी “लेले” म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

“लेले,” ते दोनदा पुटपुटले. “म्हणजे काहीच कळत नाही. आता वालावलकर बघा. शेवटी ‘कर’ आला की समजायचं, त्याच्या आधी आहे ते गाव. पेडणेकर, नेरूरकर, मालवणकर. माणूस तोंड उघडायच्या आधी पत्ता हातात. लेलेला शेपूटच नाही. मी तुम्हाला कुठल्या यादीत घालू?”

मी म्हटलं, “सर, मी गणित शिकवणार आहे. मला यादीत नाही घातलंत तरी चालेल.”

“चालेल हो, पण लक्षात राहणार नाही,” ते म्हणाले, आणि त्यानंतर चार महिने मला नेने मॅडम म्हणत राहिले.

वाकोल्यात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. बँका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणच्या नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलं-मुली तिथे येत. मुलं-मुली म्हणायची पद्धत. त्यातल्या काहींना स्वतःची मुलं होती. मी गणित शिकवायचे, सर इंग्रजी. क्लासच्या मालकांनी जिन्यात आमचे दोघांचे फोटो लावले होते. माझ्या फोटोखाली ‘गणित’ एवढंच होतं आणि सरांच्या फोटोखाली ‘शब्दसम्राट’. हा शब्द कोणी सुचवला, असं मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, “सरांनीच. मी नुसतं इंग्रजी म्हणत होतो.”

या परीक्षांमध्ये एक प्रश्न हमखास असतो. अख्खं वाक्य देतात आणि त्याच्यासाठी एक शब्द निवडायला सांगतात. राजाचा खून करणं याला एक शब्द, श्रीमंतांच्या राज्याला एक शब्द, पाण्याच्या भीतीला एक शब्द. सरांनी आपलं सगळं इंग्रजी या एका प्रश्नावर उभं केलं होतं, आणि तेही आडनावांच्या पायावर.

“शब्दाचं पहिलं नाव सोडून द्या,” ते दर बॅचला पहिल्या दिवशी सांगत. “लग्न जमवताना आपण काय करतो? आधी आडनाव, मग बाकीचं. इथेही तसंच. ‘फोबिया’ आलं की घाबरट घराणं. ‘मेनिया’ आलं की वेडं घराणं. ‘लॉजी’ सगळे शिकलेले, मान द्यायचा. ‘क्रसी’ सगळे राज्यकर्ते, लांबून नमस्कार. आणि ‘साइड’ सगळे खुनी. होमिसाइड माणसाला मारतो, रेजिसाइड राजाला, फ्रॅट्रिसाइड भावाला, इन्सेक्टिसाइड किड्यांना. सख्खे चुलत भाऊ. लिहून घ्या.”

मुलं लिहून घेत. फळ्याशेजारी सरांनी स्वतः रंगीत पेनांनी काढलेला घराण्यांचा तक्ता होता, वर प्लास्टिक चढवलेलं. वाकोल्यावरून विमान गेलं की काही ऐकू येत नसे. तेव्हा सर एक हात वर करून, अर्धा शब्द तोंडात धरून थांबत आणि विमान गेलं की उरलेला अर्धा बाहेर काढत. उत्तरं बरोबर येत, हे मला कबूल करायला हवं. मुलं त्या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क मिळवत आणि मग उतारा वाचायच्या प्रश्नात साफ आडवी होत. पण ते खापर सर मुलांच्या ‘बेसिक’वर फोडत, आणि बेसिक कोणी शिकवायचं हा प्रश्न क्लासमध्ये कोणी काढत नसे.

कारण सरांना इंग्रजी येत नव्हतं. हे मी द्वेषाने म्हणत नाही. त्यांना इंग्रजी शब्द येत होते, हजारांनी येत होते, पण त्या शब्दांची एकमेकांशी ओळख नव्हती.

एकदा आम्ही खाली चहा पीत होतो. मोठी बॅग ओढत एक परदेशी जोडपं आलं. विमानतळाजवळच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांना जायचं होतं आणि रिक्षावाल्याने त्यांना भलतीकडेच उतरवलं होतं. आमच्या पोरांनी सरांना पुढे ढकललं. तो माणूस सरांकडे आशेने बघत भरभर बोलला. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली, आणि पोरांकडे वळून म्हणाले, “ड्रोमोमेनिया. भटकत राहण्याचं वेड. लिहून घ्या, मागच्या वर्षी आला होता.”

ते जोडपं तिथेच उभं. शेवटी समोरच्या भाजीवालीने हातातली कोथिंबीर हलवत “सीधा, सीधा, फिर लेफ्ट, समझा क्या?” असं सांगितलं आणि त्यांना ते बरोबर समजलं. पोरं हसली नाहीत. उलट एका जणाने चहाच्या टपरीवरच शब्द लिहून घेतला. सरांवर त्यांचा विश्वासच तसा होता.

दिंडोशीला त्यांच्या इमारतीतही त्यांचा असाच दबदबा होता. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी एकदा उठून “ही डेमोक्रसी नसून जेरोंटोक्रसी आहे” असं सुनावलं. म्हणजे म्हाताऱ्यांचं राज्य. कमिटीतल्या म्हाताऱ्यांना ती कौतुकाची पदवी वाटली आणि त्यांनी नारळ देऊन सरांचा सत्कार केला. मग एकदा ते लिफ्टमध्ये अडकले, बरोबर चौथ्या मजल्यावरच्या आजी. आजींना घाम फुटला, श्वास लागला. सरांनी त्यांना धीर दिला, “आजी, काही नाही, हा क्लॉस्ट्रोफोबिया आहे.” आपल्याला काहीतरी इंग्रजी रोग झालाय हे कळल्यावर आजींनी जो हंबरडा फोडला तो ऐकूनच वॉचमन धावत आला आणि लिफ्ट उघडली. सर हा किस्सा स्वतःच सांगत, ज्ञानाचा उपयोग कसा होतो या मुद्द्यावर.

सरांच्या बायकोला, वहिनींना, मी पहिल्यांदा पाहिलं ते क्लासमध्येच. सर चष्मा घरी विसरले म्हणून त्या तो घेऊन दिंडोशीहून बस बदलत आल्या. सरांनी शिकवणं थांबवलं नाही, चष्मा घेतला आणि त्यांना शेवटच्या बाकावर बसायची खूण केली. त्या दिवशी ‘साइड’ घराणं चालू होतं. बापाचा खून, आईचा खून, बायकोचा खून, असं एकेक सर फळ्यावर मांडत होते. वहिनी पदराने वारा घेत तासभर ऐकत होत्या. तास संपल्यावर मी त्यांना पाणी दिलं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “येवढे खून शिकवतत गो बाय. घरात झुरळ दिसला तर पलंगावर चढान माका हाक मारतत.”

तेव्हापासून आमची गट्टी जमली. वहिनी रेशन ऑफिसात शिपाई म्हणून लागल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. मराठी झरझर वाचत, इंग्रजी अजिबात नाही. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मुलुंडला. घरात दोघंच, आणि घरात इंग्रजीत जे काही येई, विजेच्या कागदापासून औषधाच्या पाकिटापर्यंत, ते सर एकट्याने उघडायचे, एकट्याने वाचायचे आणि कपाटात ठेवायचे. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, “तुला काय करायचंय? मी बघितलंय ना.” त्या बदल्यात घरातलं बाकीचं सगळं वहिनींकडे होतं. स्वयंपाकघरात पाण्याचा माठ कुठे आहे एवढंच सरांना ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

एका वर्षी श्रावणाच्या सुमाराला वहिनींच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, एक गाठ हाताला लागायला लागली. गोरेगावच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासायला पाठवलं. रिपोर्ट आणायला अर्थातच सर गेले. त्यानंतर क्लासमध्ये ते गप्प झाले. विमान आलं की हात वर करून थांबत आणि विमान गेलं तरी थांबलेलेच राहत. एका गुरुवारी रोगांची घराणी शिकवायची होती. दर वर्षीचा त्यांचा हा आवडता तास. ‘आयटिस’ म्हणजे सूज, सगळे लालबुंद. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणारे, सगळे कसाई. आणि शेवटी ‘ओमा’. यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “कार्सिनोमा, सार्कोमा, लिम्फोमा. हे घराणं एकच काम करतं. ह्यांच्यात कोणी मुलगी देऊ नका.” मुलं खळखळून हसत.

त्या दिवशी पलीकडच्या खोलीत मी शिकवत होते आणि हशा आला नाही, म्हणून डोकावले. सरांनी फळ्यावर ‘ओमा’ लिहिलं होतं आणि ते फळ्याकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मुलांना वाटत होतं, सर शब्द आठवतायत. मी आत जाऊन “सरांना बरं नाहीये” म्हटलं आणि त्यांना बाहेर आणलं.

पाण्याच्या कूलरमागे आमची बसायची जागा होती. तिथे ते मला म्हणाले, “हिचा रिपोर्ट आला. सोमवारीच आला.”

“काय निघालं?”

“ओमा.”

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. मग विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टरकडे गेलोच नाही. काय सांगणार तो? शब्दच सांगतोय सगळं. वीस वर्षं शिकवतोय मी हे.” त्यांनी डोळे पुसले. “तिला सांगितलंय, लॅबचं मशीन बिघडलंय. तिला काही कळू देणार नाही. गणपतीला गावी नेतो, महिनाभर ठेवतो. ती सारखी म्हणायची, जाऊ या, जाऊ या. मी म्हणायचो, बॅच चालू आहे.”

इथे मला माझी लाज वाटते ती सांगून टाकते. मी बी.एस्सी. झालेली बाई. “रिपोर्ट दाखवा” एवढे दोन शब्द मला सुचायला हवे होते. ते सुचले नाहीत. सर म्हणाले ओमा, म्हणजे ओमा. भर रस्त्यात ड्रोमोमेनिया लिहून घेणाऱ्या त्या पोरात आणि माझ्यात त्या दिवशी काडीचाही फरक नव्हता. मी “दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या” असं काहीतरी म्हटलं. ते म्हणाले, “मला पहिलंच झेपत नाहीये.” मग मी त्यांचा उरलेला तास घेतला आणि शेकडेवारी शिकवली.

पुढच्या मंगळवारी दुपारी सर वर्गात ‘क्रसी’ शिकवत असताना वहिनी आल्या. त्या वर्गाकडे वळल्या नाहीत, थेट कूलरमागे माझ्याकडे आल्या आणि स्टुलावर बसल्या. हातात कापडी पिशवी होती.

“लेले बाय, तू माका खरा सांग,” त्या म्हणाल्या. “मी मरतंय काय?”

मी हातातला खडू खाली ठेवला. “असं काय विचारता वहिनी? कोण म्हणालं?”

“कोण कित्याक म्हणाक व्हया? एकतीस वर्सा झाली लग्नाक. ह्या माणसान माका कदी चाय करून दिली नाय. आता रोज सकाळी देतत. काल गजरो हाडल्यानी. परवा बाजारात जावन सुरमय हाडली, तीन दिसांची शिळी, वास मारी होती. आणि माका म्हणतत, दमलंस ना गो, बस. बाय, हे शब्द तेंच्या तोंडात नाय होते. माजा काय खरा नाय, ह्या माका चायच्या पयल्या कपाक कळला.”

त्यांचा आवाज स्थिर होता. 

“मी काय रडाक नाय इलंय,” त्या पुढे म्हणाल्या. “मी सगळे डबे पुसले, आणि डब्यांर मराठीत नावा लिवन चिकटवली. मीठ, साखर, रवो, जिरा. तेंका मीठ आणि साखर वेगळी कळणा नाय गो. मी गेलंय तर माणूस काय खातलो? मुलुंडच्या चेडवाक अजून सांगूक नाय. फक्त किती दिस हत ता माका कळाक व्हया. कुकर शिकवचो हा तेंका.”

पिशवीतून त्यांनी एक पाकीट काढलं. लॅबचं होतं.

“हे कुठे मिळालं?”

“तेंच्या जाड्या डिक्शनरीत दडवलेला. तेंका वाटता पुस्तकांवरची धूळ आपसूक जाता.” त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. “बिल्डिंगीत कोणाक दाखवला तर संध्याकाळपर्यंत सगळी रडाक येतली. तू वाच.”

मी कागद उघडला. टेबलावर ठेवून वाचला. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शेवटच्या ओळीत निदान होतं आणि त्यात दोन शब्द होते. दुसरा शब्द होता लायपोमा. पहिला होता बिनाइन.

मी ती ओळ तीनदा वाचली. मला बिनाइनचा अर्थ पक्का ठाऊक होता, पण त्या घटकेला माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. मी वहिनींचा हात धरला आणि त्यांना जिना उतरवून मिठाईच्या दुकानाशेजारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली, वहिनींच्या पाठीवरची गाठ दोन बोटांनी हलवून बघितली आणि म्हणाले, “चरबीची गाठ आहे. काही धोका नाही. आडवं पडताना टोचत असेल तर काढून टाका, नसेल तर राहू दे. स्वच्छ लिहिलंय की इथे. कुणी वाचलं नाही का?”

दवाखान्यातून बाहेर आल्यावर वहिनी जिन्याशी थांबल्या. मग त्यांनी मला विचारलं, “मगे ह्यो मेलो चाय कित्याक करी होतो?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ओमा घराणं, कूलरमागचं रडणं, गावी न्यायचा बेत, सगळं. सर रडले हे ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. ते त्यांनी पुसलं, पिशवी काखेला लावली आणि त्या जिना चढायला लागल्या. मी मागे.

वर्गात सर “प्लुटोक्रसी, क्लेप्टोक्रसी, म्हणजे श्रीमंतांचं आणि चोरांचं, फरक परीक्षेपुरता लक्षात ठेवा” असं सांगत होते. वहिनी दारातून सरळ फळ्यापर्यंत गेल्या. चाळीसेक मुलं बघत होती.

“गाठ चरबीची हा,” त्या म्हणाल्या. “खालच्या डॉक्टरान सांगितलान. माका काय जावचा नाय.”

सर पांढरे पडले. “तुला कुणी सांगितलं? तू रिपोर्ट बघितलास?”

“बघितलंय. ह्या बायन वाचलान, डॉक्टरान वाचलान. काय नाय माका.”

आणि आता जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं म्हणून लिहिते, नाहीतर मलाच खोटं वाटलं असतं. सरांच्या चेहऱ्यावर आनंद येता येता थांबला आणि तिथे मास्तर आला.

“असं कसं असेल?” ते म्हणाले. “लायपोमा आहे तो. शेवटी ओमा आहे. ओमा म्हणजे ओमा. त्या डॉक्टरला काय कळतंय? सर्दी-खोकल्याचा डॉक्टर तो. अगो, मी वीस वर्षं शिकवतंय ह्या. नियम हा तो!”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, “म्हणजे तुमचो नियम खरो होवचो म्हणान मी मरू काय?”

 वरून विमान गेलं तरी सरांनी हात वर केला नाही. विमान जाईपर्यंत ते वहिनींकडे नुसते बघत होते, आणि आपण आत्ता काय बोललो हे त्यांना त्या वेळात समजत गेलं असावं. मी पुढे होऊन कागद त्यांच्या हातात दिला आणि शेवटच्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा सारखा केला. “बिनाइन,” त्यांनी अक्षरं लावून वाचलं. “हा कुठल्या घराण्यातला?”

“कुठल्याच नाही, सर. एकटाच आहे. निरुपद्रवी असा अर्थ आहे त्याचा.”

“मी हा कधी बघितलाच नाही,” ते म्हणाले. “रिपोर्टातही बघितला नाही. मी शेवट बघितला फक्त.”

आणि ते फळ्याखालच्या चौथऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपण काय गमावून बसलो असतो याची भीती, बायको वाचली याचा आनंद आणि चाळीस जणांसमोर चुकल्याची शरम, सगळं एकदमच बाहेर पडत होतं. वहिनी त्यांच्या शेजारी चौथऱ्यावर बसल्या, त्यांनी पदर त्यांच्या हातात दिला आणि मुलांना म्हणाल्या, “तुमी लिवा रे काय ता. हे येतत आता.” पुढच्या बाकावरच्या एका मुलीने खरंच वही उघडली आणि हळूच विचारलं, “मॅडम, बिनाइन लिहून घेऊ?” मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून सर एकदम बदलले असं काही झालं नाही. तक्ता भिंतीवर राहिला, घराणी चालू राहिली. ‘ओमा’ खाली फक्त त्यांनी स्वतःच्या हाताने ‘सगळे नव्हेत’ असं लिहिलं. सकाळचा चहा आठवडाभर चालला, मग बंद पडला. वहिनीच म्हणाल्या, “नको गो, लय गोड करतत.” गणपतीला मात्र ते दोघं गावी जाऊन राहून आले आणि बॅच पंधरा दिवस मी सांभाळली. पुढे मुलं फोनवरच क्लास करायला लागली, मालकांनी जागा सोडली आणि आम्ही पांगलो. पण सरांचं नाव निघालं की मला ते क्लासमधले आठवत नाहीत.

गावाहून आल्यावर वहिनींनी गाठ काढून टाकायचं ठरवलं होतं. आडवं पडलं की ती टोचायची. गोरेगावच्या एका लहानशा हॉस्पिटलात सकाळी दाखल व्हायचं आणि संध्याकाळी घरी. मी सोबतीला गेले. हिरवा झगा घालून वहिनी खाटेवर बसल्या होत्या आणि नर्सने चार पानांचा कागद पुढे केला होता. ऑपरेशनला पेशंटची संमती. सगळं इंग्रजी. घरात एकतीस वर्षं जितके इंग्रजी कागद आले त्यावर वहिनींनी सर बोट ठेवतील तिथे सही केली होती, आत काय आहे हे न विचारता. आताही त्यांनी सवयीने पेन उघडलं आणि सरांकडे बघितलं.

“थांब,” सर म्हणाले. त्यांनी नर्सकडून कागद घेतला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“काका, रुटीन आहे,” नर्स म्हणाली. “कोणी वाचत नाही. चार ठिकाणी फुली मारलीय तिथे सही करा ना, प्लीज. ओटी खोळंबलंय.”

“मला वाचायला वेळ लागतो,” सर म्हणाले. त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. ते एकेका शब्दाखाली बोट सरकवत चालले. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तक्ता आठवायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी मान वर करून त्या पंचविशीतल्या नर्सला विचारलं, “सिस्टर, ह्याचा अर्थ काय?”

तिने सांगितला. पुढच्या पानावर तिलाही एक शब्द अडला, तेव्हा ती डॉक्टरांना विचारून आली. दारात वॉर्डबॉय ताटकळत होता, पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक कुरकुरत होते. सरांनी स्टूल वहिनींच्या खाटेला भिडवलं, कागद दोघांना दिसेल असा धरला आणि ते त्यांना सुरुवातीपासून एकेक ओळ मालवणीत सांगायला लागले. भूल कशी देतले, कापतले खय, रक्त लागला तर काय करतले, घाबरण्यासारख्या काय हा आणि काय नाय.

वहिनी प्रत्येक ओळ ऐकून घेत होत्या आणि पेन हातात धरून म्हणत होत्या, “हां. कळला. फुडे?”